सरकारी ओळखपत्रावर प्रवासात नेमकं काय मिळतं: एलटीसी, हॉलिडे होम आणि बाकीचं

सरकारी नोकरी लागली की गळ्यात ओळखपत्र येतं आणि पाठोपाठ नातेवाईक सांगू लागतात: आता तुला रेल्वेत सूट, विमानात सूट, टोल माफ, हॉटेलात निम्मे पैसे. यातलं बहुतेक चुकीचं आहे. खिडकीवर कार्ड दाखवलं आणि दर उतरला, असं आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी घडतं. खरा पैसा वाचतो तो निघण्याआधी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा आणि नोंदी सांभाळणाऱ्या शाखेत, दिलेल्या अर्जामुळे आणि परतल्यावर वेळेत टाकलेल्या देयकामुळे. म्हणून हा लेख प्रवासाच्या क्रमाने लिहिला आहे: आधी कार्यालय, मग तिकीट, मग मुक्काम, शेवटी बिल.

इथले नियम केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांचे आहेत. राज्य शासनाकडे स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन अशा वेगळ्या सवलती आहेत, त्यांचे शासन निर्णयही वेगळे. मात्र मुक्काम आणि ओळखपत्राबद्दलचा भाग दोघांनाही उपयोगी पडेल.

पायरी १: कार्ड आणि सेवा पुस्तक

कार्डाची मुदत, पदनाम, कार्यालयाचं नाव आणि फोटो एकदा नीट बघा. बदली होऊन वर्ष उलटलं तरी जुन्याच कार्यालयाचं कार्ड खिशात असणारे पुष्कळ असतात. रोजच्या हजेरीला ते खपून जातं. हॉलिडे होमच्या, म्हणजे सरकारी अतिथिगृहाच्या, काउंटरवर बुकिंगवरचं कार्यालय आणि कार्डावरचं कार्यालय जुळलं नाही की वाद सुरू होतो.

केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेलं, फोटो आणि अनुक्रमांक असलेलं ओळखपत्र रेल्वेत ओळखीचा पुरावा म्हणून चालतं. देशांतर्गत विमानप्रवासातही सेवा ओळखपत्र चालतं. तरी आधार किंवा वाहन परवाना सोबत ठेवा. कार्यालयात छापलेल्या कार्डांचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो आणि गेटवर उभा असलेला जवान तुमच्या कार्यालयाचं नाव पहिल्यांदाच वाचत असतो.

सेवा पुस्तकात, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदवहीत, तीन गोष्टी पाहायच्या: नोंदवलेलं स्वग्राम, कुटुंबाचा तपशील आणि आधीच्या एलटीसीच्या नोंदी. एलटीसी म्हणजे रजा प्रवास सवलत: रजा घेऊन केलेल्या प्रवासाचं भाडं सरकार देतं ती. लग्न झालं, मूल झालं, पण कुटुंबाचा तपशील बदलायचा राहिला, तर त्या माणसाचं भाडं मागताना अडचण येते. आईवडिलांना न्यायचं असेल तर ते पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असले पाहिजेत. त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई दिलासा अशी आहे. वडिलांचं पेन्शन या मर्यादेच्या वर असेल तर त्यांचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढा. हे लपवण्यात शहाणपणा नाही, कारण पेन्शनची नोंदही सरकारकडेच असते.

स्वग्राम नोकरीत एकदाच बदलता येतं, त्यासाठी विभागप्रमुखांची मंजुरी लागते. ही संधी विचार करून वापरा.

पायरी २: तुमच्या नावावर कोणती सवलत शिल्लक आहे

रजा प्रवास सवलत १९८८ च्या नियमांवर चालते आणि ती कॅलेंडर वर्षांच्या गटांत मोजतात. चार वर्षांचे गट २०२२-२५, २०२६-२९ असे, आणि त्यांच्या पोटात दोन-दोन वर्षांचे. चार वर्षांत स्वग्रामाला दोन वेळा जाता येतं, किंवा त्यातली एक वेळ देऊन ‘भारतात कुठेही’ एकदा. सलग एक वर्ष सेवा झालेली असावी लागते.

गट संपला तरी न वापरलेली सवलत पुढच्या गटाच्या पहिल्या वर्षात वापरता येते. म्हणजे २०२२-२५ मधली सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जिवंत आहे. डिसेंबरात आस्थापना शाखेत जी गर्दी होते ती यामुळेच.

नवीन भरती झालेल्यांचा हिशोब निराळा. त्यांना पहिली आठ वर्षं जवळपास दरवर्षी एलटीसी मिळते: चार वर्षांत तीनदा स्वग्राम आणि एकदा भारतात कुठेही. पण एका वर्षाची सवलत पुढच्या वर्षात नेता येत नाही. ज्यांचं स्वग्राम आणि नोकरीचं ठिकाण एकच आहे, त्यांना ही खास सोय लागू नाही. नव्या मुलांनी हे पहिल्याच वर्षी विचारून घ्यावं. तीन-चार वर्षांनी चौकशी करायला येतात तेव्हा त्यातल्या दोन संधी वाया गेलेल्या असतात.

आता सगळ्यात जास्त मागणी असलेली सोय. जम्मू-काश्मीर, लडाख, ईशान्येकडची राज्यं आणि अंदमान-निकोबार इथे जाण्यासाठी स्वग्रामची एक एलटीसी बदलून घेता येते, आणि एरवी विमानाला पात्र नसलेल्यांनाही काही टप्प्यांवर इकॉनॉमी वर्गाचं विमान मिळतं. या सोयीला सध्या २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे. स्वग्राम आणि नोकरीचं ठिकाण एकच असेल तर स्वग्रामची अशी अदलाबदल होत नाही. तेव्हा ‘भारतात कुठेही’ वापरून जावं लागतं.

पायरी ३: रजा आणि रोखीकरण

एलटीसीसाठी रजा हवीच, पण ती अर्जितच असली पाहिजे असं नाही. किरकोळ रजेवरही जाता येतं. फक्त शनिवार-रविवार किंवा सणाच्या सुट्टीत जाऊन आलात आणि एक दिवसही रजा घेतली नाही, तर ती एलटीसी धरली जात नाही.

याच वेळी दहा दिवसांची अर्जित रजा विकता येते. संपूर्ण नोकरीत अशी साठ दिवसांपर्यंत. हे दिवस निवृत्तीच्या वेळच्या ३०० दिवसांच्या रोखीकरणातून वजा होत नाहीत. इतकी सरळ फायद्याची गोष्ट असूनही अनेक जण अर्जातला तो रकाना कोरा सोडतात. हिशोब सोपा आहे. मूळ वेतन ५०,००० आणि महागाई भत्ता ५८ टक्के धरला तर ७९,००० भागिले ३० गुणिले १०, म्हणजे सुमारे २६,३३३ रुपये. घरभाडे भत्ता यात येत नाही आणि ही रक्कम करपात्र असते.

अट एकच, आणि तीच लोक चुकवतात. विकलेले दिवस आणि प्रवासासाठी घेतलेली अर्जित रजा, दोन्ही वजा केल्यावर खात्यात किमान तीस दिवस उरले पाहिजेत. पाच दिवस अर्जित रजेवर जाणार असाल तर आज शिलकीत ४५ दिवस हवेत. शिल्लक ४२ असेल तर किरकोळ रजेवर जा, दहा दिवस विका, अट पाळली जाते.

पायरी ४: पात्रता आणि मार्ग

वेतनस्तर ५ आणि त्याखाली एसी थ्री किंवा एसी चेअर कार, ६ ते ८ एसी टू, ९ ते १३ विमानाची इकॉनॉमी, १४ आणि पुढे बिझनेस क्लास. स्थूलमानाने पात्रता अशी आहे. राजधानी, शताब्दी, दुरांतोचं मागणीनुसार वाढणारं भाडंही मान्य आहे, आणि जानेवारी २०२५ पासून वंदे भारत, तेजस आणि हमसफर गाड्याही आपापल्या पात्रतेच्या वर्गात चालतात. पात्रतेपेक्षा वरच्या वर्गाने किंवा विमानाने जायला कोणी अडवत नाही, पण परतावा पात्रतेच्या भाड्याइतकाच.

उदाहरण घेऊ. स्तर ७ वरचे एक जण पुण्याहून श्रीनगरला निघाले आहेत. पुणे ते दिल्ली एसी टू, आणि दिल्ली ते श्रीनगर इकॉनॉमी विमान. विमानाची खास सोय दिल्ली किंवा अमृतसरपासून पुढे आहे. ईशान्येसाठी ती कोलकाता किंवा गुवाहाटीपासून, आणि अंदमानसाठी कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमपासून श्री विजयपुरमपर्यंत, म्हणजे आपल्या जुन्या पोर्ट ब्लेअरपर्यंत. हे गृहस्थ पुण्याहूनच विमानात बसले तर पुणे-दिल्लीचं रेल्वेभाडं मिळेल, वरचा फरक त्यांचा.

रस्त्याच्या प्रवासाला एसटी किंवा इतर सार्वजनिक उपक्रमांच्या बस चालतात. खाजगी ट्रॅव्हल्सची बस आणि टॅक्सी चालत नाही. जिथे सार्वजनिक वाहतूकच नाही तिथे स्वयंघोषणेवर १०० किलोमीटरपर्यंत खाजगी वाहनाचा खर्च मागता येतो. फिरायला घेतलेली गाडी, शिकारा, रोपवे, जेवण, हॉटेल यांतलं काहीही एलटीसीत बसत नाही. दैनिक भत्ताही नाही. पॅकेज टूरने जात असाल तर भाड्याचा भाग वेगळा दाखवलेलं बिल आधीच मागून घ्या. एकरकमी पावती आणली की लेखा शाखा ती परत पाठवते, आणि तेव्हा टूरवाला फोन उचलत नाही.

‘भारतात कुठेही’ म्हणजे भारतातच. ‘मुंबई ते चेन्नई, व्हाया सिंगापूर’ अशा धाटणीचे प्रवास एके काळी फार फोफावले होते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या प्रकरणात परदेशाला वळसा घालून केलेल्या प्रवासाला करसवलत नाकारली. कराचा विषय निघालाच आहे तर: एलटीसीवरची करमुक्ती जुन्या करपद्धतीत आहे, नव्या पद्धतीत नाही. जानेवारीत लेखा शाखा विचारते तेव्हा गोंधळू नका.

पायरी ५: अर्ज, अग्रिम आणि तिकीट

क्रम चुकला की पैसे अडकतात. आधी अर्ज, ज्यात ठिकाण, गट, प्रवासी आणि रजेच्या तारखा. मग मंजुरी. मग तिकीट. ठिकाण जाहीर केलेलं असावं लागतं. बेत बदलला तर निघण्यापूर्वी लेखी कळवा आणि पोच घ्या. साहेबांना तोंडी सांगितलं होतं, हे फाईलवर कुठेच दिसत नाही.

भाड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळतं. ते घेतल्यावर दहा दिवसांत तिकिटं दाखवायची असतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे अर्ज त्याच्याही दोन आठवडे आधी टेबलावर असलेला बरा. प्रवास रद्द झाला तर अग्रिम लगेच परत करा. उशीर झाल्यास भविष्य निर्वाह निधीच्या दरावर दोन टक्के जादा व्याज लागतं.

विमानाचं तिकीट तीनच ठिकाणांहून काढायचं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स अँड टूर्स, आयआरसीटीसी. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिनेच जावं लागे. २०२२ च्या जानेवारीत ती टाटांकडे गेल्यापासून कोणतीही कंपनी चालते, पण तिकीट या तिघांकडूनच. एजंट ‘तेच तिकीट शे-पाचशेने स्वस्त देतो’ म्हणेल, किंवा एखाद्या अॅपवर कूपन दिसेल. त्या शे-पाचशेपायी अख्खा दावा नामंजूर होऊ शकतो.

प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढा आणि तुम्हाला हव्या त्या वेळेच्या टप्प्यातलं, शक्यतो थेट जाणाऱ्या विमानाचं सर्वांत स्वस्त भाडं निवडा. एक गोष्ट मात्र त्याच क्षणी करायची: त्या वेळी स्क्रीनवर दिसणाऱ्या सगळ्या विमानांची भाड्यांसह यादी पीडीएफ करून ठेवा, तारीख आणि वेळ दिसेल अशी. दोन महिन्यांनी लेखा शाखा विचारते, ‘साडेसहाचं विमान स्वस्त नव्हतं का?’ तेव्हा ते पान समोर ठेवलं की विषय तिथेच संपतो. ते पान नसेल तर ‘तेव्हा नव्हतं’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं.

एका टप्प्याला एकच तिकीट. ‘हेही असू दे, तेही असू दे’ असं करून दोन तिकिटं धरायची नाहीत. रद्द करण्याचे पैसे तुमचे; कार्यालयाच्या कामामुळे रजा रद्द झाली तरच ते परत मिळतात, म्हणून तसा आदेश लेखी मागून घ्या.

कुटुंब तुमच्यासोबतच गेलं पाहिजे असं नाही. बायको-मुलं मे महिन्यात आणि तुम्ही दिवाळीला, असं चालतं. जी मंडळी ज्या दिवशी निघाली त्या दिवसापासून सहा महिन्यांत त्यांनी परत आलं पाहिजे, एवढंच.

पायरी ६: मुक्काम

इथे ओळखपत्राची किंमत सर्वांत जास्त जाणवते. केंद्राच्या संपदा संचालनालयाची हॉलिडे होम सिमला, मसुरी, उटी, कन्याकुमारी अशा ठिकाणी आहेत. सिमल्याचं ग्रँड हॉटेल तर मॉलच्या परिसरात आहे. बुकिंग ई-संपदा संकेतस्थळावर होतं, निवृत्तांनाही करता येतं. खोल्या साध्या असतात. गिझर चालू आहे का, उपाहारगृह सुरू आहे का, हे केअरटेकरला फोन करून विचारा. मोसमाच्या तारखा उघडताच भरतात, म्हणून आधी खोली आणि मग रजेच्या तारखा असा उलटा क्रम लावणारे लोक शहाणे.

आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहं आहेत. आरक्षण त्या भागातल्या बांधकाम विभागाच्या कार्यालयातून होतं. खाजगी कामासाठी आणि सरकारी कामासाठी दर वेगळे असतात, तेव्हा अर्जात खरं कारण लिहा. खानसाम्याला किती माणसं, जेवण केव्हा, हे आदल्या दिवशी कळवा. रात्री नऊला पोचून पिठलं-भाकरी मागितली तर त्याने तरी कुठून आणायची? आणि मनाची तयारी ठेवा: कोणाचा तरी दौरा लागला की तुमचं आरक्षण मागे पडतं. दुपारी चारला फोन येतो, ‘साहेब, आज खोली देता येणार नाही.’ म्हणून जवळच्या एका लॉजचा नंबर खिशात असावा.

खाजगी हॉटेलात फोनवरच दोन प्रश्न विचारा: सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळा दर आहे का, आणि तो खाजगी सुट्टीला लागू होतो का? पुष्कळ ठिकाणी तो दर सरकारी दौऱ्यापुरताच असतो. हो म्हणाले तर नाव आणि रक्कम व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, आणि त्यानंतरच जालावरच्या दराशी ताडून पाहा. बऱ्याचदा बुकिंग अॅपचाच दर कमी निघतो. हे विचारताना ओळखपत्राचा फोटो पाठवू नका. कार्ड चेक-इनला दाखवायचं असतं. आगाऊ फोटो मागणारा बहुधा तो भलत्याच कामाला वापरतो. हॉलिडे होमच्या नावाने खोटी संकेतस्थळंही निघतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ आहे ना, ते पैसे भरण्याआधी बघा.

पायरी ७: कार्ड जिथे चालत नाही

रेल्वेच्या तिकिटावर सामान्य सरकारी कर्मचाऱ्याला थेट सूट नाही. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना पास असतो, सैन्यदलांची व्यवस्था वेगळी असते, आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. प्रतीक्षा यादीत असाल तर आपत्कालीन कोट्यासाठी कार्यालयामार्फत पत्र जातं, पण ते सही करण्याचे अधिकार असलेल्यांचंच चालतं आणि आदल्या दिवशीच पोचावं लागतं. कोट्याचं पत्र म्हणजे जागेची हमी समजू नका.

विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘विशेष भाडे’ म्हणून सैन्यदल, विद्यार्थी, ज्येष्ठ असे पर्याय असतात. तुम्ही महसूल किंवा टपाल खात्यात असताना सैन्यदलाचा पर्याय निवडू नका. विमानतळावर कार्ड मागतात, नसेल तर फरक वसूल करतात किंवा बसूच देत नाहीत.

टोल: राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत सूट कोणाला ते मोजून दिलं आहे. खाजगी गाडीतून सहलीला निघालेला सरकारी कर्मचारी त्या यादीत नाही. खाजगी गाडीवर ‘भारत सरकार’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लावणं तर टाळाच.

पायरी ८: परतल्यावर

अग्रिम घेतलं असेल तर परतल्यापासून एक महिन्यात देयक द्यायचं, नसेल तर तीन महिन्यांत. सोबत तिकिटं, बोर्डिंग पास, रजा मंजुरीचा आदेश, ठिकाण जाहीर केल्याचा अर्ज आणि ती भाड्यांची पीडीएफ. फोनमधला बोर्डिंग पास विमान उतरताच जपून ठेवा, काही दिवसांनी तो अॅपमधून गायब होतो. बस तिकिटांची शाई उडते, त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढा.

तिकीट वाढवून दाखवणं, न गेलेल्या माणसाचं भाडं लावणं, रद्द केलेल्या तिकिटावर दावा करणं, हे सगळं आता पीएनआर टाकून मिनिटात तपासता येतं. खोटा दावा सिद्ध झाला तर शिस्तभंगाच्या कारवाईसोबत चौकशीच्या काळात अडवलेल्या सवलती जातातच, शिवाय पुढच्या दोन एलटीसीही जातात. गुन्हा दाखल होतो तो वेगळा. खोट्या विमान तिकिटांच्या अशाच प्रकरणात २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने एका माजी खासदाराला शिक्षा सुनावली होती.

आक्षेप लागून बिल परत आलं तर घाबरू नका. आक्षेप कोणत्या नियमाखाली आहे ते लेखी मागा आणि त्याच मुद्द्याला उत्तर द्या. पूर्ण देयकाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. पैसे जमा झाले की एकदा आस्थापना शाखेत जाऊन सेवा पुस्तकातली नोंद डोळ्यांनी बघा: कोणता गट, कोणतं ठिकाण, किती दिवसांचं रोखीकरण. २०२२-२५ ची एलटीसी चुकून २०२६-२९ मध्ये लिहिली गेली, तर ते तुम्हाला पुढच्या अर्जाच्या वेळी कळेल, आणि तोपर्यंत ते टेबल सांभाळणारा माणूस बदलून गेलेला असेल.